जाळीवरचे दाताळे

मी एक जुने दाताळे आहे. दात लोखंडी, दांडा लाकडी. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, तळ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझे आयुष्य गेले. कारखान्यातून निघताना वाटले होते, आपल्या नशिबी एखादी सुंदर बाग असेल. पण सिग्ने हॉगनबाईंनी मला आणले ते रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीसाठी!

मित्रांनो, पानगळ सुरू झाली की मेपलची पाने त्या जाळीवर साचत. पावसाच्या पाण्याबरोबर ती गटारातून थेट तळ्यात जात, तिथे कुजत, आणि उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी, घाणेरडी साय धरे. बाई लहानपणी त्याच तळ्यात पोहायला शिकल्या होत्या. म्हणून दर पानगळीत आम्ही दोघे जाळी मोकळी करत असू. शेजारी नुसते बघून पुढे जात. बाई पुटपुटत, "कुणाला म्हणून कशाची पडलेली नाही!"

एकदा समोरच्या घरातल्या वारसमे नावाच्या शेजाऱ्यांनी मला उचलले, तर बाईंनी मला त्यांच्या हातून काढून घेतले. "राहू द्या. तुम्हाला नाही जमायचं."

पुढे बाईंचा खुबा मोडला. मी गॅरेजमध्ये गंजत पडले. त्या वर्षीची सगळी पाने तळ्यात गेली, आणि उन्हाळ्यात काठावर पोहायला मनाईची पाटी लागली. बाई वॉकरच्या आधाराने जाऊन ती पाहून आल्या.

झाडे पुन्हा पिवळी पडू लागली, तेव्हा बाई मला वॉकरला बांधून, हळूहळू रस्ता ओलांडून वारसमेंच्या दारी गेल्या.

"वारसमे, माझ्याच्यानं आता होत नाही. ती जाळी तुम्ही सांभाळाल?"

"अहो आजी, आम्हाला वाटायचं, ती जाळी तुम्हाला माहेरहून आंदण मिळालीय! हात लावला की ओरडा बसायचा."

"बसायचाच खरा. पण आता विचारतेय ना?"

वारसमेंनी मला दोन्ही हातांनी घेतले. त्या दुपारी ते जाळी साफ करत असताना पलीकडच्या घरातल्या मर्फींनी थबकून विचारले, "आणि आमच्या बाजूची जाळी कुणाची?"

"तुमची!" बाई अंगणातल्या खुर्चीतून ओरडल्या.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. तळे अजून पुरते निवळलेले नाही; तळी इतक्या लवकर माफ करत नाहीत. पण आता मी कोपऱ्यावरच्या खांबाला टांगलेले असते, आणि ज्याला वेळ होईल तो मला उचलतो.

मित्रांनो, माझा गंज पुसा, दांड्याला तेल लावा; पण मला कुलपात ठेवू नका. आणि शेजाऱ्याला कशाची पडलेली नाही असे म्हणण्याआधी, एकदा त्याचे दार वाजवा.