नऊ फेब्रुवारीपर्यंतचे फोटो

अकरा एप्रिलला सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटल्याची बातमी आली, तेव्हा पुण्याच्या संस्थेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नयनने वाजवल्या नाहीत. तिला किशोर सरांची आठवण झाली आणि ती उठून बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

नयन मूळची कारंजा घाडग्याची. मोठे तारे मरताना काय होतं, ते ती संगणकावर मांडून बघत असे. ताऱ्याचा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीच्या शेवटच्या वर्षात ताऱ्याच्या आत काय चाललेलं असतं, ते कोणी पाहिलेलं नाही. नयनचं मॉडेल सांगत होतं की फुटण्याआधी चार महिने तारा वरचे थर फेकू लागतो आणि हळूहळू उजळत जातो. तीन वर्षं ती यावरच काम करत होती. हे खरं की खोटं, ते ठरवायचं तर फुटण्याआधीचे फोटो हवेत, तेही रोजचे.

असे फोटो काढणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. किशोर सरांनी तिला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. गावाबाहेर त्यांचा संत्र्याचा बगिचा होता. तिथल्या पंपाच्या खोलीवर त्यांनी स्वतःच्या पगारातून दुर्बीण बसवली होती. हायवेच्या ढाब्यांचा उजेड तिथवर पोचत नसे. आता तारा फुटला तीच दीर्घिका ते सात वर्षं टिपत होते.

डिसेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला होता. "नयन, पहाटे लय धुकं राह्यते रस्त्यावर. शालू रोज कटकट करते. जानेवारी सोडून देतो म्हणतो."

"सर, एवढे दोन महिने काढा ना," नयन म्हणाली होती. "मधेच तुटलं तर माझ्या काही कामाचं राहणार नाही."

"बरं बाई," ते हसून म्हणाले होते. "तुले नाई कसं म्हनू?"

नऊ फेब्रुवारीला पहाटे बगिच्यातून परत येताना त्यांची मोटरसायकल हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. ट्रकचा एकही दिवा लागलेला नव्हता. सर जागीच गेले. नयन तेराव्याला गेली नाही. संस्थेत काम आहे, असं तिने कळवलं होतं.

आता मात्र जावंच लागणार होतं. दुर्बिणींनी फुटलेला तारा टिपला होता, पण त्याआधीच्या हिवाळ्यातले इतरांचे फोटो एवढा मंद तारा दिसेल इतका वेळ घेऊन काढलेले नव्हते. सरांचे होते, आणि ते त्यांच्या घरच्या संगणकात होते.

गावी सरांच्या पत्नीने, शालूकाकूंनी, दार उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला आणि समोर बसल्या.

"काकू, सरांच्या संगणकातले फोटो पाहिजे होते," नयन म्हणाली.

"मले वाटलंच." शालूकाकू तिच्याकडे बघत राहिल्या. "एक गोष्ट खरी सांग. जानेवारीत ते बंद करनार होते. मले तसं बोलले होते. मंग काऊन जाऊन राह्यले होते?"

नयनला खोटं बोलता आलं असतं. सरांना छंदच होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मी सांगितलं होतं, काकू. दोन महिने काढा म्हणून."

शालूकाकू उठल्या. त्या आतल्या खोलीत गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून संगणक ओढल्याचा आवाज आला. नयन मदतीला उठली, तर त्या म्हणाल्या, "तू हात लावू नको." अख्खा डबा त्यांनी स्वतः उचलून अंगणात आणून ठेवला. "घेऊन जा. आनून देऊ नको."

पुण्याला परतल्यावर नयनने तीन आठवडे ते फोटो तपासले. प्रत्येक रात्रीच्या फाइलबरोबर सरांची एक ओळ होती. 'धुकं, दोनदा काच पुसली.' 'आज आकाश चांगलं.' 'बोटं बधिर झाली, लवकर आवरलं.' तारा तिच्या मॉडेलनुसार डिसेंबरच्या मध्यापासून उजळायला हवा होता. रात्रीमागून रात्र फोटो एकावर एक रचूनही तिथे काहीच वाढ सापडली नाही. नऊ फेब्रुवारीपर्यंत तारा होता तसाच होता. तो एवढा उजळला असता, तर त्या फोटोंत दिसलंच असतं. मॉडेल चुकलं होतं.

तिने गटप्रमुखांना सांगितलं. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला.

"नऊ फेब्रुवारी ते अकरा एप्रिल कोणाकडेच काही नाही ना?" ते म्हणाले. "मग उजळायचा काळ चार महिन्यांऐवजी दोन कर. एक आकडा बदलला की सगळं त्या पोकळीत बसतं. खोटं आहे असं कोणी म्हणू शकणार नाही."

"तो आकडा बदलायला कारण काय दाखवू?"

"कारण सापडतं, नयन. तुझ्या नेमणुकीची मुदत ऑगस्टमध्ये संपते आहे. तेवढं लक्षात ठेव."

तिने एकदा तो आकडा बदलून पाहिला. खरंच सगळं बसलं. पडद्यावर वक्ररेषा नऊ फेब्रुवारीनंतर वर चढत गेली, सर नसलेल्या दिवसांमधून. तिने ती फाइल पुसून टाकली आणि शोधनिबंधात जे होतं तेच लिहिलं: मॉडेलने सांगितलं ते दिसलं नाही. पहिलं नाव किशोर सरांचं घातलं.

निबंध छापून आला. तिला मुदतवाढ मिळाली नाही.

सामान बांधायच्या आदल्या दिवशी तिने शालूकाकूंना फोन केला. सरांचं नाव छापलं आहे, जगभरातले लोक त्यांचे फोटो वापरतील, असं ती सांगत राहिली.

"त्यात निघालं काय?" शालूकाकूंनी विचारलं.

"माझं गणित चुकलं होतं, काकू."

"म्हनजे चुकलेल्या गनितासाठी जाऊन राह्यले होते ते."

"हो."

पलीकडे शालूकाकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग शेजारच्या कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर नयनने तीन-चारदा फोन केला. शालूकाकूंनी तो पुन्हा कधी उचलला नाही.