गावाचं नवं होण्याआधी

माहितीपुस्तिकेतलं ते वाक्य माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते लपवण्याचा मोह होणार नाही.

२००५ सालचा ऑक्टोबर होता. कुंभमेळ्याला दोन वर्षं उलटली होती आणि मेळ्याच्या भरवशावर नाशिकमध्ये ज्यांनी खोल्या बांधल्या, त्यांना त्या खोल्यांचं आता काय करावं ते कळत नव्हतं. बाहेरगावची गाडी सकाळी त्र्यंबकला जाई, दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर येई, काळारामाचं दर्शन घेई आणि मुक्कामाला थेट शिर्डी गाठी. नाशिकला झोपायला कोणी थांबत नव्हतं. माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा यशोधन याचं शहरातल्या द्वारका चौकाजवळ बत्तीस खोल्यांचं हॉटेल आहे. त्याने आणि आणखी काही हॉटेलवाल्यांनी मिळून एक समिती केली. पाहुण्याला नाशिकमध्ये दुसरा दिवस काढावासा वाटेल असं काहीतरी द्यायचं, अशी कल्पना होती. त्यातून सुरगाणा तालुक्यातला चिरापाडा निघाला. तिथल्या एका घरात एक खोली पाहुण्यांसाठी, घरात शिजेल ते जेवण, एक मुक्काम आणि मग परत नाशिक. जमलं तर पुढे आणखी घरं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. यशोधन म्हणाला, नाना, तुमचं वाचन आहे, पुस्तिका तुम्हीच लिहा. मला नाही म्हणता येत नाही. चिरापाड्याला मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा एप्रिलात. बाकीचं जुन्या अहवालांतून आणि पुस्तकांतून काढलं. त्यात लिहिलं, की ऑक्टोबरमध्ये आलात तर ज्या शेताच्या बांधावरून चालत आलात, त्याच शेतातल्या नव्या तांदळाचा भात तुमच्या पानात असेल. ते वाक्य मला फार आवडलं होतं. छापून आल्यावर मी ते तीन-चार वेळा वाचलं.

खोली भिमाबाईंच्या घरची होती. साठीच्या, कोकणा समाजाच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचा मुलगा भिका आणि सून मीना दर वर्षी भात घरात आलं की दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला जात आणि होळीपर्यंत बागेच्या कडेला ताडपत्रीखाली राहत. छाटल्यावर वेलीच्या डोळ्यांना जे औषध लावतात, त्याने आदल्या वर्षी मीनाच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती. एप्रिलात तिने मला ते हात दाखवले होते आणि विचारलं होतं, की खोली चालली तर आम्हाला जावं लागणार नाही ना. मी होकारार्थी मान हलवली होती. आता छाटणी तोंडावर आली होती आणि मजूर नेणाऱ्या मुकादम दिनेशची पिकअप पुढच्या आठवड्यात येणार होती.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी पुण्या-मुंबईच्या प्रवासी कंपन्यांची पाच माणसं दोन जीपमधून चिरापाडा बघायला निघाली, सोबत यशोधन आणि मी. त्यांत पुण्याच्या सविता मॅडमचा शब्द चालणार होता. त्यांची कंपनी मोठी, त्या हो म्हणाल्या की बाकीचे येणार. वणी सोडल्यावर त्यांनी पुस्तिका उघडली आणि माझं वाक्य मोठ्याने वाचलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो, पण सुखावलो होतो हे खरं.

दुपारी पंगत बसली. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा आणि भात. सविता मॅडमनी भाताचा घास घेतला, जरा थांबल्या, आणि हा नवा का म्हणून विचारलं. भिमाबाईंनी सरळ सांगितलं, की हा बोरगावच्या बाजारातला आहे, घरचा श्रावणातच संपला.

मॅडमनी दारातून बाहेर बघितलं. समोर खळ्यावर भाताची रास होती. "मग ते काय आहे?"

"ते नवं हाय," भिमाबाई म्हणाल्या. "गावाचं नवं झालं नाय अजून."

मग भिकाने समजावून सांगितलं. शेवटच्या घरचं भात खळ्यावर आलं, की गावातले जाणते झिपरूबाबा दिवस सांगतात. त्या दिवशी सगळं गाव मिळून कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि पितरांना नवा दाणा दाखवतं, आणि मग सगळे एकदम खातात. त्याआधी कोणी जिभेवर ठेवत नाही. यंदा नवसाबाईचं वरच्या डोंगरातलं शेत तेवढं राहिलं होतं. ती एकटी बाई, तिचं नेहमीच उशिरा येतं. ते दोन दिवसांत येणार होतं आणि मंगळवारी नवं होतं.

सविता मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पुस्तिका ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, की मग हे कोणी लिहिलं. यशोधन हसला, म्हणाला जरा गैरसमज झालाय, संध्याकाळच्या जेवणाला नवा भात असेल, माझी जबाबदारी. मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

जेवणानंतर भिका सगळ्यांना ओहोळाकडे घेऊन गेला. माझे गुडघे दुखतात म्हणून मी पडवीत खाटेवर बसलो. भिमाबाई नवसाबाईचे भारे उतरवायला वर गेल्या. यशोधन मात्र ओहोळाकडे गेला नव्हता. घरामागून त्याचा आवाज आला. तो मीनाशी बोलत होता. मूठभरच कांड, शेजारच्या गावातून आणलाय म्हणून सांगू, असं तो म्हणाला. यशोधन वाईट माणूस नाही. बँकेचे लोक त्याच्या हॉटेलात येऊन बसत होते, ते मी पाहिलं होतं. पण त्यानंतर तो जे बोलला ते मला आजही ऐकू येतं.

"दिनेशची गाडी येईल तेव्हा चढायचंय का तुला? मग माझ्याकडे येऊ नको."

मी उठायला हवं होतं. दहा पावलांवर तर होते ते. पण मनात आलं, आपल्याला काय कळतं? इथलं जे जे ठाऊक म्हणून मिरवलं, ते पुस्तकातलं निघालं. आता कोणत्या तोंडाने मध्ये पडायचं? असा विचार करत मी बसून राहिलो. भित्रा माणूस स्वतःला विनयशील म्हणवून घेतो, तसंच ते होतं.

मीना सुपात भात घेऊन माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मग उखळात मुसळ पडायला लागलं.

पाच-सहा घाव पडेपर्यंत मला काही वाटलं नाही. मग वरच्या घरातलं बोलणं थांबलं. मग पलीकडचं. चिरापाडा उतारावर वसलेला, चाळीसेक घरांचा. सगळ्यांचं जुनं भात श्रावणात संपलेलं. आज कुठल्याही उखळात पडायला जुना दाणा शिल्लकच नव्हता, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुसळाचा आवाज म्हणजे नवं. एवढं साधं गणित, पण ते मीनालाही घाईत सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही ती कांडत राहिली असेल. मला सांगता येत नाही.

बायका येऊन उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही. झिपरूबाबा आले, हातात काठी, डोक्याला मळकं मुंडासं. त्यांच्यामागून भिमाबाई आल्या, डोक्यावर नवसाबाईचा भारा तसाच. ओहोळाकडची मंडळीही गर्दी बघून परतली आणि अंगणाच्या कडेला थांबली. मीना मुसळ धरून उभी होती. मुसळ तिला खाली ठेवताही येत नव्हतं.

"कोणी खाल्लं का?" झिपरूबाबांनी विचारलं.

मीनाने नकारार्थी मान हलवली.

"कांडायला कोणी सांगितलं?"

यशोधनने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला. तिथे रेंज नव्हती.

पुंजा म्हणून भिमाबाईंचा एक शेजारी होता. तो म्हणाला, की ज्या घरानं मोडलं त्या घराला यंदाच्या नव्यात पान नाही, असंच चालत आलंय. त्या घरी पाहुणा तरी कसा उतरणार, असंही कोणीतरी मागून म्हणालं. भिमाबाईंनी भारा खाली ठेवला. सुनेकडे बघून एवढंच म्हणाल्या, "सांग."

मीनाने यशोधनचं नाव घेतलं असतं, तर खोली गेली असती. न घेतलं, तर घर वाळीत. ती एकदा यशोधनकडे बघत होती, एकदा सासूकडे.

मी उठलो. "मी सांगितलं."

आवाज इतका बारीक निघाला, की मला पुन्हा म्हणावं लागलं.

झिपरूबाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? गुरुजी, तुम्हाला प्यायला पाणी मागायची लाज वाटते. मागच्या खेपेला तहानलेले बसला होता तासभर."

दोन-तीन बायका हसल्या. मी ती पुस्तिका मागितली. सविता मॅडमनी ती पुढे केली. मी वाक्य वाचून दाखवलं आणि सांगितलं, की हे मी लिहिलं, इथे कोणालाही न विचारता. ऑक्टोबरात तांदूळ हाती येतो एवढं वाचलं होतं, खायचा कधी ते विचारायचं राहिलं. पाहुण्यांनी मागितला तो या वाक्यामुळे. सून कांडायला बसली तीही या वाक्यामुळे. हे सगळं खरं होतं, म्हणून ते बोलताना आवाज टिकला. यशोधनबद्दल मी काही बोललो नाही.

झिपरूबाबांनी वाकून उखळात पाहिलं. मग म्हणाले, की बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, घराला पान मिळेल. पण चूक मोकळी सुटणार नाही. मंगळवारी गुरुजींनी स्वतः यायचं, नारळ आणि कोंबडा घेऊन. कांडलेले दाणे त्यांनी मीनाला पदरात बांधून घ्यायला लावले, देवापुढे ठेवायला. आयुष्यात मी कोंबड्याला हात लावला नव्हता, तरी हो म्हणालो.

वाटलं, संपलं. पण सविता मॅडम पुढे आल्या. त्या भिमाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, उद्या माझे वीस पाहुणे पैसे भरून आले आणि असंच काही मागितलं, तर काय कराल?"

"नाय म्हणीन."

"ते चिडले तर?"

"जे हाय ते वाढीन. पोटभर वाढीन. नसलेलं कुठून आणू?" थोडं थांबून भिमाबाई म्हणाल्या, "असलेलं पण कधी कधी देता येत नाय."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मुक्काम ठरला होता, पण त्या म्हणाल्या आम्ही निघतो. दिवस मावळायच्या आत दोन्ही जीपा बोरगावचा घाट उतरल्या. मला घरी सोडताना यशोधन स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "नाना, तुम्ही मला वाचवलंत की बुडवलंत, मला कळत नाहीये."

मंगळवारी सकाळच्या एसटीने बोरगावला उतरलो, बाजारात कोंबडा घेतला आणि काळीपिवळी जीपमध्ये त्याला मांडीवर धरून बसलो. त्याचे पाय बांधलेले होते, तरी दर वळणाला तो फडफडे. शेजारचा माणूस म्हणाला, "आजोबा, लेकीकडं चालला का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला लांबलचक झालं असतं.

माझ्या खिशात यशोधनचा निरोप होता. सविता मॅडमच्या कंपनीने भिमाबाईंची खोली यादीत घेतली होती, लेखी कळवलं होतं. डिसेंबरपासून, फक्त शनिवार-रविवार. पुस्तिकेत जेवणाबद्दल एकही वचन द्यायचं नाही, अशी अट होती. बाकीच्या कंपन्यांनी नकार दिला होता.

पूजा साधी होती. सगळ्या घरांतून थोडं थोडं आलेलं नवं एका टोपलीत होतं, त्यात नवसाबाईचंही. कोंबडा माझ्या हातून झिपरूबाबांच्या हाती गेला, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं, आणि त्यावरून परत हशा झाला. मग पानावर भात आला. गरम, चिकट, गोडसर. भिमाबाईंच्या घराला पान मिळालं होतं. मीना रांगेत बसली होती, पण कोणाशी बोलत नव्हती.

गावाच्या तोंडाशी पिकअप उभी होती. दिनेश बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. दर वर्षी तो आधी माणूस पाठवून विचारतो, नवं कधी आहे, आणि त्याच दिवशी दुपारी येतो, कारण त्याआधी चिरापाड्यातून कोणी निघणार नाही हे त्याला ठाऊक असतं. मुकादमाला ठाऊक होतं. मी इतकी पुस्तकं चाळली होती.

मी भिमाबाईंना निरोप सांगितला. भिका आणि मीना शेजारीच होते. आनंद कोणालाच झाला नाही. डिसेंबरला दीड महिना होता आणि छाटणी आताच होती. तेवढ्या दिवसांत घरात काय शिजणार, हा भिकाचा प्रश्न होता. तो म्हणाला दोघंही जातो, डिसेंबरात बघू. दिनेशने लांबूनच सांगितलं, की मध्येच सोडून यायचं असेल तर आत्ताच बसू नका, मला होळीपर्यंत माणूस लागतो.

भिकाने दोन्ही गाठोडी गाडीत टाकली. मीना माझ्यासमोर आली. तिच्या बोटांवर आदल्या वर्षीच्या जखमांचे पांढरे डाग होते.

"गुरुजी, ते लोक नक्की येतील?"

मला हो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"लिहून दिलंय त्यांनी," मी म्हणालो. "नक्की येतील की नाही, मला माहीत नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं. मग गाडीच्या मागे गेली, फळीवर पाय ठेवून चढली आणि आपलं गाठोडं घेऊन खाली उतरली. भिका काहीतरी बोलणार होता, ती त्याला म्हणाली, "तू जा. खोलीची भुई उखणलीय, ती कोण करणार?"

दिनेशने हॉर्न दिला. पिकअप निघाली, मागे सात-आठ माणसांत भिका दांडा धरून उभा होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत मीना बघत थांबली नाही. ती शेणाची पाटी उचलून खोलीकडे गेली होती.