मागावरची खूण

"आई, ऐकू येत असेल तर उजवीकडे बघ." पुतण्या सकाळपासून तेच विनवत होता. जाऊबाईंचे डोळे उघडे होते, पण बुबुळं समोर खिळलेली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तेव्हापासून त्यांचं बोटसुद्धा हललं नव्हतं. श्वास तेवढा घशातल्या नळीच्या जिवावर चालू होता.

"काकू, पुरे आता," तो म्हणाला. "आत कोणी उरलेलं नाही. डॉक्टरबाई आल्या की नळी काढायला सांगतो."

असा संताप आला मला. आईच्या उशाशी उभं राहून हे बोलायचं? "जिभेला काही हाड?" मी म्हटलं. तरी त्याचं चालूच. आणि खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता.

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात दिसल्या. मी जाऊबाईंवर वाकून उशी सारखी करत होते, तिथूनच पुतण्याला गप्प करायला माझी बुबुळं वर फिरवली. मागावर काम करणाऱ्या आम्हा बायकांची ही सवयच. खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, हात सुतात गुंतलेले. मुकादम दिसला की बुबुळं वर, आणि जिला खूण दिसेल तिने ती पुढे द्यायची. आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या मागांवर जन्म काढला.

जाऊबाईंनी खूण पुढे दिली.

माझ्या हातातली उशी सुटली. "जाऊबाई, परत करा बघू." बुबुळं परत वर गेली.

डॉक्टरबाईंनी बोट वर-खाली, डावीउजवीकडे नेऊन तपासलं. "डोळे बाजूला वळवायचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, तो गेलाय," त्या हळूच म्हणाल्या. "वर-खाली करणारी जागा त्याच्या वर असते, ती वाचली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. 'हो' असेल तर वर बघायला सांगा, 'नाही' असेल तर डोळे मिटायला."

पुतण्या आईवर वाकला. "आई, मी मघाशी बोललो ते ऐकलंस?"

बुबुळं वर गेली.

तो रडायला लागला. "रडायचं नंतर," मी म्हटलं, "आधी आईला विचार." पण त्याचं रडू थांबेना. मग मीच पुढे झाले. असं पडून राहणं मला तरी सोसलं असतं का?

"जाऊबाई, नळी राहू..."

वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी वर बघितलं.