घरातलं दुसरं वायफाय

खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये भीमराव रोज दुपारी मोबाइलवर भीमगीतं ऐकत पडायचे. त्या दिवशी मोबाइलवर नेटच येईना. सून माया घरूनच ऑफिसचं काम करायची. ती आतून म्हणाली, "बाबा, मी सकाळी नेट वेगळं केलंय. थोड्या वेळात तुमचं लावून देते."

'वेगळं' हा शब्द भीमरावांना लागला. त्यांच्या भावाच्या घरात आधी गॅस वेगळा झाला होता, मग माणसं. त्यांच्या समोरचा चहा तसाच निवत राहिला.

मायाच्या ते लक्षात आलं. काम थांबवून ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "कंपनीचा नियम आलाय बाबा. ऑफिसच्या लॅपटॉपच्या नेटवर घरचं काही चालवायचं नाही. लाइन एकच आहे, फक्त वायफाय दोन केलीयत. एक ऑफिसचं, एक घरचं."

"आणि तुझा मोबाइल?"

"घरच्यावर. तुम्हा सगळ्यांसोबत."

भीमरावांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "पासवर्ड कसा टाकायचा ते दाखव. तुझ्या सासूच्या मोबाइलमध्ये मीच टाकतो."