एडनाच्या कपाचं बूड

इंग्लंडातलं लाँगटन हे चिनीमातीच्या कारखान्यांचं गाव. तिथली माणसं कुणाकडे चहाला गेली की आधी कप उलटा करून बूड बघतात. कुठल्या कारखान्याचा, कुणाच्या हातचा, हे कळल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. लग्नाच्या जेवणात नवरीकडच्यांनी पन्नास बश्या एकदम उलट्या केलेल्या ग्लेनिसने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आणि त्याच गावात जन्म काढलेल्या ह्याच ग्लेनिसने एका कपाचं बूड बघून न बघितल्यासारखं केलं. ह्याला काय म्हणायचं, सांगा!

ग्लेनिसचा स्टुडिओ जुन्या चिनीमातीच्या कारखान्याच्या कोपऱ्यात होता. लोक यायचे, फळीवरचा कोरा पांढरा कप नाहीतर बशी उचलायचे, रंगवायचे, ठेवून जायचे. मग ग्लेनिस त्याला काचेची झिलई चढवून भट्टीत भाजायची आणि आठवड्याने हातात द्यायची. एडना दर बुधवारी यायची. एकतीस वर्षं तिने कारखान्यात कपांवर गुलाब काढले होते. शेजारच्या टेबलावर नवशिक्या पोरी रंगवत बसल्या की ही चष्म्यावरून बघून विचारायची, "गुलाब आहे का कोबी, बाळे?" पोरी लाजायच्या, मग तिच्याच हातात ब्रश द्यायच्या.

ह्या हिवाळ्यात तिचे हात थरथरायला लागले. दुखणं पोटाचं होतं आणि बरं होणारं नव्हतं, हे तिला माहीत होतं. शेवटच्या बुधवारी तिने नवऱ्यासाठी, सिरिलसाठी, एक कप केला. बाहेरून एकच गुलाब. जाताना म्हणाली, "हा फळीवरच राहू दे गं. बूड पुढच्या बुधवारी करते. आज हात ऐकत नाही." ग्लेनिसच्या कानाला फोन होता. तिने मान हलवली.

गुरुवारी भट्टी लावायची होती. कुणाच्या तरी वाढदिवसाला पोरांनी रंगवलेले चिनीमातीचे बारा शिंगवाले घोडे शनिवारी द्यायचे होते, आणि कोपऱ्यात एका कपापुरती जागा उरली होती. ग्लेनिसने एडनाचा कप उलटा करून कडेची धूळ ओल्या स्पंजने पुसली. बुडावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. पेन्सिल तर रोजच दिसते. गिऱ्हाइकं आधी पेन्सिलीने काढतात, मग वरून रंग भरतात, आणि पेन्सिल भट्टीत जळून जाते, म्हणून कुणी ती खोडतही नाही. ग्लेनिसनेही खोडली नाही, वाचली नाही. झिलईत बुडवला, लावला कप भट्टीत.

रविवारी एडना गेली.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी सिरिल आला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, मिशा कापलेल्या, कोट इस्त्रीचा. तो एडनाच्या खुर्चीत बसला. ग्लेनिसने कप कागदातून काढून त्याच्यापुढे ठेवला. गुलाबाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी कप उलटा केला.

बूड पांढरं होतं. कोरं.

"रिकामं," तो म्हणाला. परत म्हणाला, "रिकामं आहे गं, पोरी."

"काय असायला हवं होतं?" ग्लेनिसने विचारलं.

"आमचं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं. एकोणसत्तर साली. मी कारखान्यात भट्टीवर कामाला होतो. निरोप आला, पण भट्टी पेटलेली, सोडून कसा जाणार? सोडता आली असती. दुसरा माणूस होता. मला भीती वाटली, म्हणून गेलो नाही." त्याने कपाची कड अंगठ्याने पुसली. "ती एक शब्द बोलली नाही. सगळा जन्म. ह्या नाताळात मी विचारलं, मला माफ केलंस का गं? तर म्हणाली, तोंडाने नाही सांगता यायचं, कपाच्या बुडावर लिहीन. तू नाहीतरी सगळ्यांचे कप उलटे करतोस, माझाही कर."

ग्लेनिसने त्या कोऱ्या बुडाकडे पाहिलं.

"म्हणजे तिला लिहावंसं वाटलं नाही," सिरिल म्हणाला. "ठीक आहे. तेही उत्तरच."

तिने तोंडाला कुलूप लावलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? तो कप घेऊन गेला असता. पण उरलेले दिवस काय समजून काढले असते त्याने! ग्लेनिस समोरच्या स्टुलावर बसली.

"लिहिलं होतं तिने," ती म्हणाली. "पेन्सिलीने. आज येऊन रंगाने गिरवणार होती. राहू दे म्हणाली होती मला. मी विसरले. मी भाजला, सिरिल. मी जाळलं ते."

सिरिलने कप टेबलावर ठेवला. पेन्सिलीचं भट्टीत काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"वाचलंस?"

आणि इथे ग्लेनिसने चूक केली. मायेपोटी केली, पण केलीच. "हो," ती म्हणाली. "माफ केलं, असं होतं."

म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर असा उजळला की तिला रडू फुटलं. मग तो पुढे वाकला. "सुरुवात काय होती? मला काय म्हटलं होतं तिने?"

"प्रिय सिरिल."

तो मागे टेकला. "सिरिल तर ती मला जन्मात म्हणाली नाही," तो हळूच म्हणाला. "असू दे. दोन मिनिटं बरं वाटलं."

"माझं चुकलं हो," ग्लेनिस रडत म्हणाली. "सगळंच चुकलं. देवाशपथ, मी वाचलं नाही."

"मग दिसलं किती, ते तरी सांग. खरं सांग. एक शब्द होता का?"

ग्लेनिसने डोळे मिटले. ओला स्पंज, कपाची कड, करड्या रेघा. एवढं मात्र तिला स्पष्ट आठवत होतं.

"नाही. पूर्ण गोल भरला होता. कडेपर्यंत, बारीक अक्षरात. शेवटचं तर दाटीवाटीने कोंबलं होतं."

सिरिलने कप पुन्हा उलटा धरला आणि त्या पांढऱ्या गोलावरून बोट फिरवलं, कडेकडेने, मग आत, मग मध्यापर्यंत.

"'नाही' म्हणायला एवढी जागा लागत नाही," तो म्हणाला.

"नाही लागत," ग्लेनिस घाईने म्हणाली. "खरंच नाही लागत."

"'हो' म्हणायलाही नाही लागत, पोरी."

त्याने कप कागदात गुंडाळला नाही. तसाच कोटाच्या खिशात घातला, बूड वर करून, आणि त्यावर हात ठेवून बसून राहिला.