निर्माल्याचं खाचर

आपल्याकडे एखादी जागा नासवायची असेल तर तिथे कचरा टाकू नये. कचऱ्यावरून लोक भांडतात. तिथे देवाचं काहीतरी ठेवावं. मग बघा, कुणाची बोलायची टाप नाही! खोटं वाटतं? मग लालबागच्या एका सोसायटीची ही गोष्ट ऐका.

जुनी चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर झाला. आवारभर पेव्हर ब्लॉक, मातीचा कण दिसेल तर शपथ. फक्त शेजारच्या, अजून न पाडलेल्या चाळीच्या कडेला मेघना नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी दीड हात खोल, लांबट बाग केली. तळाला खडी, वर भुसभुशीत माती, तिच्यात वाळा, कर्दळ आणि अळू. कडेच्या कठड्याला खाली तोंडं ठेवलेली. आवारातलं पावसाचं पाणी त्या तोंडांतून बागेत शिरावं आणि तिथेच जिरावं, एवढंच तिचं काम. "वर्षातून दोनदा गाळ काढा, तोंडं मोकळी ठेवा," असं बाईंनी लिहूनही दिलं. तो कागद सोसायटीच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

सगळे त्या बागेला खड्डा म्हणायचे. एकटे तात्या खाचर म्हणायचे, पाणी धरणाऱ्या भाताच्या वाफ्यासारखं. तात्या मूळचे कुडाळकडचे, जन्मभर पालिकेच्या बागेत माळी होते, आता मुलाकडे सातव्या मजल्यावर. पहिली चार वर्षं त्यांनीच मे महिन्यात फावडं-घमेलं घेऊन गाळ उपसला. त्या चार पावसाळ्यांत शेजारच्या चाळीतल्या शांतामावशीच्या खोलीत पाण्याचा थेंब आला नाही.

शांतामावशी सत्तरीची, एकटी. पूर्वी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, आता मालवणी मसाला करून विकते. एप्रिलात मिरच्या वाळवायच्या, डंकावर कुटून आणायच्या, वर हिंगाचे खडे ठेवून डबे भरायचे. तळमजल्यावरच्या त्या एका खोलीत तिचं वर्षाचं पोट भरून ठेवलेलं असायचं.

मग जुन्या चाळीतच वाढलेला हितेंद्र सेक्रेटरी झाला. माणूस वाईट नव्हता हो, उत्साही होता. आणि उत्साही माणसाइतकं नुकसान वाईट माणूससुद्धा करत नाही. लिफ्टमध्ये कुणीतरी निर्माल्याची पिशवी सोडून गेलं, त्यावरून वाद झाला, तेव्हा हितेंद्रने तोडगा काढला. खड्ड्यापाशी झकास पाटी लावली: 'येथे निर्माल्य वाहावे. पवित्र जागा. पाय लावू नये.'

"खत होईल, झाडं वाढतील, देवाचं देवाला!" तो मीटिंगमध्ये म्हणाला. टाळ्या पडल्या.

लोकांनी काय वाहिलं? हार वाहिले, त्यांतल्या दोऱ्यांसकट. फुलं वाहिली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. उदबत्तीची राख, जरीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, काच फुटलेल्या तसबिरी. वर्षभरात वाळा गाडला गेला आणि त्यावर चटईसारखा एक थर बसला. झाडूवाली शांतपणे बाजूने झाडायची. देवाच्या वस्तूला झाडू कोण लावणार?

मे महिन्यात तात्या दुखरे गुडघे घेऊन खाचरात उतरले. हितेंद्र धावत आला.

"तात्या, अहो पायात चप्पल आहे तुमच्या! निर्माल्य आहे ते!"

"काल देवाच्या गळ्यातून उतरलं तेव्हा होतं निर्माल्य. आज पाण्याच्या तोंडात बोळा आहे तो," तात्या म्हणाले. "हे बघ, चारही तोंडं बुजलीत. पाणी जाणार कुठे?"

"गटार आहे ना!"

"भरतीच्या वेळी गटार स्वतःच ओकतं, ते तुझं काय घेणार? पाणी खालच्या अंगाला जातं, हितेंद्र. खालच्या अंगाला शांता राहते."

"एका खड्ड्यासाठी लोकांच्या भावना दुखवू का मी? जनरल बॉडीत विषय आणा."

"भावना! देवाला वाहिलंस ना? मग हात जोडून उचल आणि नीट वाटेला लाव. दुसऱ्याच्या दारात का लोटतोस?"

तोवर दहा माणसं जमली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला कामधंदा नाही. कुणी म्हणालं, पाप लागेल. एकानेही खाली वाकून बघितलं नाही. तात्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि ते वर निघून गेले. पुन्हा ते खाचरात उतरले नाहीत.

जुलैत एका दुपारी तीन तास पाऊस धो धो कोसळला, त्यात समुद्राला भरती. हितेंद्र अकराव्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतून व्हिडिओ काढत होता. 'आपल्या गेटवर स्विमिंग पूल!' त्याने ग्रुपवर टाकलं. हसणारे चेहरे आले. आवारातलं पाणी खाचरापाशी थबकलं, निर्माल्यावरून चढलं आणि मधली बुटकी भिंत ओलांडून चाळीत उतरलं.

पाऊस थोडा ओसरल्यावर तो छत्री घेऊन खाली आला. चाळीच्या बाजूने पाण्याला लालभडक रंग चढला होता. "निर्माल्यातलं कुंकू सुटलं वाटतं," तो वॉचमनला म्हणाला.

आणि मग त्याला वास आला.

कुंकवाला वास नसतो हो! हा वास भाजलेल्या मिरची-धण्याचा होता. गिरणी संपाच्या वर्षी घरात चूल थंड असताना सात वर्षांचा हितेंद्र ज्या वासामागे शांतामावशीच्या खानावळीत जाऊन बसायचा, तो. तिने आठ महिने त्याला जेवू घातलं होतं. एकदाही विचारलं नव्हतं की तुझा बाप पैसे कधी देणार.

तो धावला. खोलीत मांडीएवढं पाणी. डबे आडवे होऊन तरंगत होते, झाकणं सुटलेली. खाटेवर पाय वर घेऊन मावशी बसली होती. तिच्या मांडीवर एकच डबा, तोही ओला. पाण्यावर झेंडूचे हार फिरत होते.

"मावशी..." तो पाणी तुडवत खाटेपाशी गेला.

"माझो मसालो गेलो रे झिला," ती म्हणाली. मग एक हार उचलून तिने त्याच्या हातात दिला. "देव नाय इलो माझ्या घरात. तुमचो कचरो इलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र अनवाणी खाचरात उतरला. आधी हात जोडले, मग दोन्ही हातांनी तो थर फाडून काढला. पिशव्या निघाल्या, काचा निघाल्या, बोट कापलं. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. दुपारी तात्या काठी टेकत खाली आले आणि त्यांनी फावडं त्याच्या हातात दिलं. पाटी त्याने स्वतः उपटली. आता तिथे दुसरी आहे: 'हे खाचर आहे. गाळ काढण्याची पाळी कुणाची, ते खाली पाहा.' खाली मजल्यांचे आकडे आहेत. पहिला आकडा अकरा.

नागरिकहो, बाग लावायला अक्कल लागते, पण ती राखायला लाज लागते. आपल्या आवारातलं पाणी आपण जिरवलं नाही, तर ते खालच्या माणसाच्या घरात जातं. आणि हात जोडून टाकलं म्हणून कचऱ्याचा प्रसाद होत नाही!

यंदा खाचर पाणी पितं. वाळा पुन्हा फुटलाय. चाळीत एक थेंब उतरला नाही. शांतामावशीच्या खोलीची जमीन कोरडी ठणठणीत आहे.

दाराला कुलूप आहे. मसाला गेल्यावर पुढच्या एप्रिलपर्यंत इथे काय खाऊ, म्हणून मागच्या श्रावणात ती गावी भावाकडे गेली. हितेंद्र तिला आणायला दोनदा कुडाळला जाऊन आला. दोन्ही वेळा तिने त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्याला परत पाठवलं.