फळीवरची जागा

कोठीत गव्हावर उतरायचं तर आधी फळी टाकायची आणि तिच्यावरच उभं राहायचं, हा गोदामातला नियम. पण भाऊजी नियमाला जुमानतील तर शपथ! "मी पंचावन्न किलोचा. फळी त्याला द्या," म्हणत ते मेहुण्याकडे बोट दाखवायचे. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एकशेदहा किलोचा. सगळे त्याला पैलवान म्हणत. जेवायला शेजारी बसला की भाऊजींचं ठरलेलं, "जरा सरक रे, दोघांची जागा अडवतोस."

ओल लागून गव्हावर धरलेला थर फोडायला भाऊजी आज तसेच उतरले. थर मोडला आणि ते छातीपर्यंत आत गेले.

पाय उपसायला गेले, तर आणखी चार बोटं खाली. श्वास सोडला की गहू तेवढ्या जागेत येऊन बसायचा, पुढचा श्वास आखूड. ओरडायला हवा पुरेना. आपण इथेच संपणार, या भीतीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वरच्या झाकणातून पैलवान डोकावला. बाहेरच्यांना गावातून आणखी फळ्या आणायला पिटाळून, हाताशी होत्या त्या घेऊन तो भिंतीच्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरू लागला.

"अरे, तू नको! दोघंही बुडू."

"हलू नका, भाऊजी."

त्याने मोठी फळी गव्हावर टाकली आणि तिच्यावर पालथा पसरला. गहू नुसता करकरला.

"माझं वजन अख्ख्या फळीवर वाटलं गेलंय. तुमचं सगळं दोन तळव्यांवर होतं."

"ओढ ना मला!"

"ओढलं तर खांदे निखळतील. गव्हाने धरलंय तुम्हाला."

बाजूचा गहू आत ढासळू नये म्हणून चार आखूड फळ्या त्याने भाऊजींच्या चौफेर गव्हात खुपसल्या आणि आतला गहू डब्याने उपसायला लागला. तासाभराने गुडघे दिसले. भाऊजी धडपडत मोठ्या फळीवर आले, तशी तिची कड रुतायला लागली. पायऱ्या चार हात लांब होत्या. खुपसलेल्या फळ्या गहू सोडत नव्हता. बाहेरच्यांचा अजून पत्ता नव्हता.

"उभे राहू नका, आडवे पडा," पैलवान म्हणाला. "थांबा, मी सरकतो."

सरकताना त्याचा एक पाय फळीबाहेर गेला आणि गुडघ्यापर्यंत गव्हात गेला. भाऊजींनी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला.

"सरकू नकोस," ते रडत म्हणाले. "पसर रे बाबा. चांगला ऐसपैस पसर."